पऱ्हाटीचं चित्र आणि लाल्याचं उत्तर



पंधरा-वीस दिवस इथं नोंद टाकली नाही. वेचणी चालू होती आणि त्यातच माझं कॉलेजचं सबमिशन आलं. "कपाशीच्या लाल्याचं पुढं काय झालं ते लिहा की," असं बऱ्याच जणांनी विचारलं. आज तेच लिहिते. पण जरा लांबून यावं लागेल, कारण त्या उत्तराचा अर्धा भाग माझ्या चित्रांच्या कागदांवर आहे.

नवीन जोडलेल्यांसाठी सांगते. मी चित्रकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभर शहरात, शनिवार-रविवार सिल्लोड तालुक्यातल्या आमच्या रानात. यंदा दोन एकर कपाशी, अडीच एकर मका, बाकी थोडी तूर. आप्पा शेती बघतात, मी नोंदी ठेवते. गावात भेटणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच, "चित्रं काढून पोट भरतं का?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण चित्र काढायला शिकताना रानात काय दिसायला लागलं, ते सांगता येईल.

यंदा आम्हाला एक प्रकल्प होता: एकच झाड निवडायचं आणि पाच आठवडे त्याच झाडाची चित्रं काढायची. वर्गातल्या मुलांनी गुलमोहर, वड, कुंडीतली जास्वंद घेतली. मी आमच्या रानातली पऱ्हाटी घेतली. कडेची नाही, आतल्या तासातली. खोडाला सुतळी बांधून खूण केली आणि दर शनिवारी तिथं जाऊन बसले.

या कामाच्या काही पद्धती आम्हाला शिकवतात. पहिली म्हणजे कागदाकडे न बघता फक्त वस्तूकडे बघत रेघ ओढायची. नजर पानाच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायची आणि तसाच हात चालवायचा. चित्र वेडंवाकडं येतं, पण पानाची कड कुठं सपाट आहे, कुठं वळली आहे, कुठं कुरतडली आहे, हे चुकत नाही. एरवी आपण पान बघतो तेव्हा खरं तर "कपाशीचं पान" हे डोक्यातलं चित्रच बघत असतो.

दुसरी पद्धत मला फार आवडते. झाड काढायचं नाही, फांद्यांच्या आणि पानांच्या मधली मोकळी जागा काढायची. ती नीट आली की झाड आपोआप उभं राहतं. शेतकऱ्याला हे लगेच कळेल, कारण नांगे भरायला निघालेला माणूस उगवलेलं बघत नाही, न उगवलेलं बघतो. पाच आठवड्यांत माझ्या कागदावरच्या मोकळ्या जागा कमी होत गेल्या. पाचव्या आठवड्यात खालच्या दोन फांद्यांपाशी जागाच उरली नव्हती, म्हणजे तिथं ऊनही पोचत नव्हतं. खालची बोंडं का सडतात, हे मी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते कागदावर दिसलं.

आता लाल्याचं. सप्टेंबरच्या शेवटी पानं लाल पडायला लागली. त्याआधी आठ-दहा दिवस पाऊस उघडला नव्हता. आप्पांनी एका लाल पानाचा फोटो काढला आणि दुकानात दाखवला. फोटो बघून तुडतुड्याचं औषध काढून दिलं गेलं. याआधी दोन फवारण्या झाल्याच होत्या. तिसरीचा खर्च मजुरीसकट अठराशेच्या घरात जात होता, आणि त्याच आठवड्यात माझ्या खोलीचं भाडं द्यायचं होतं. घरात यावर जरा बोलाचाली झाली. आप्पांचं म्हणणं, "पीक हातचं गेलं तर भाडं कुठून द्यायचं?" तेही खरंच होतं.

मी चित्रांचे कागद तारखेनं ओट्यावर मांडले. एकच झाड, पाच शनिवार. लाली कुठून सुरू झाली ते सरळ दिसत होतं: खालच्या, जुन्या पानांपासून. तिसऱ्या आठवड्यात तळाची दोन पानं कडेनं पिवळट होती, चौथ्यात ती लाल झाली आणि वरची दोन पिवळट झाली. पानाचा मधला भाग लाल, पण शिरा हिरव्या. कडा मात्र सपाट होत्या. कागदाकडे न बघता ओढलेली रेघ होती ती, वळलेल्या कडेला सपाट दाखवणार नाही.

तुडतुड्याच्या मारात पानाच्या कडा खाली वळतात, कडेपासून पिवळेपणा आणि मग लाली येते, आणि पान उलटलं की फिकट हिरवी पिल्लं तिरपी पळताना दिसतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर गोष्ट वेगळी असते. मॅग्नेशियम झाडात फिरतं. तुटवडा आला की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून लक्षण खालून वर चढतं आणि शिरा बराच काळ हिरव्या राहतात. उलट लोह झाडात सहज फिरत नाही, म्हणून त्याची कमतरता आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. म्हणजे नुसतं "पान पिवळं पडलंय" यापेक्षा "कितवं पान पिवळं पडलंय" हा प्रश्न मोठा आहे. आपण दुकानदाराला किंवा तज्ज्ञाला एका पानाचा जवळून काढलेला फोटो पाठवतो, त्यात नेमकं हेच हरवतं. फोटोत पान दिसतं, पण त्याची झाडावरची जागा दिसत नाही.

कृषी सहायकांना बोलावलं. त्यांनी कागद बघितले, मग रानात आले. वीस झाडं निवडली, प्रत्येकाची वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटून मोजली. पानामागे सरासरी एकही तुडतुडा भरला नाही. फवारणीची पातळी पानामागे दोन ते तीन पिल्लांची आहे. मग त्यांनी मला सांगितलं, "आता सगळ्या रानाचं चित्र काढ." बांधावर उभी राहून मी दोन एकराचा कच्चा नकाशा काढला आणि लाल झाडांच्या जागा रंगवल्या. लाली सगळीकडे सारखी नव्हती. ओढ्याकडच्या खोलगट कोपऱ्यात सगळ्यात जास्त होती. तिथं जमीन चिबड आहे, पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. जमिनीत अन्न असलं तरी ती उचलू शकत नाहीत.

तुडतुड्याची फवारणी रद्द झाली. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन फवारण्या शिफारशीच्या मात्रेत दिल्या, दोन टक्के डीएपीची एक दिली आणि त्या कोपऱ्यातून ओढ्याकडे चर काढला. खर्च शून्य झाला नाही, हे आधीच सांगते. लाल झालेली पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत. पण लाली वर चढायची थांबली आणि वरची बोंडं भरली. कोपऱ्यातली पऱ्हाटी कमीच राहिली. ऑक्टोबरनंतर रात्री गार पडल्या की थोडी लाली तशीही येते, ती वेगळी धरायची. माती परीक्षणाला नमुना दिला आहे. अहवाल आला की इथं टाकते.

दुसरा प्रकल्प रंग बनवण्याचा होता. विकतचा रंग वापरायचा नाही, स्वतः घोटायचा. मी चार डब्यांत माती नेली: आमची काळी, टेकाडावरचा मुरूम, गावठाणातली पांढरी आणि मामाकडची कोकणातली तांबडी. माती पाण्यात ढवळायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि थांबायचं. पोयटा काही तासांत बसतो, चिकणमाती दिवस-दोन दिवस घेते. तो शेवटचा गाळ वाळवून डिंकाच्या पाण्यात घोटला की रंग तयार. कृषीच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आलंच असेल, बरणीत माती ढवळून पोत बघायची रीत आणि ही रीत एकच आहे. चित्रकार तळाचं टाकतो आणि वरचं ठेवतो, एवढाच फरक.

तांबडी आणि मुरूम कागदावर छान बसले. त्यांचे रंग लोहाच्या संयुगांचे आहेत, तेच गेरूत आणि पिवळ्या मातीत असतात. काळी मात्र वाळली तशी तडकली. एप्रिलमध्ये रानाला भेगा पडतात, हुबेहूब तशी, फक्त तळहाताएवढ्या कागदावर. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, "गव्हांडा घातला नाहीस ना?" भिंत लिपताना मातीत भुसा, काडी आणि शेण घालतात ते याचसाठी, तंतू भेग धरून ठेवतात.

आजीचं हे शास्त्र किती जुनं आहे ते आमच्या गावापासून एसटीनं गेलं की बघायला मिळतं. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर आधी मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवतासारखे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग वाळलेल्या भिंतीवर रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी, आपल्याच काळ्या खडकात सापडणारी हिरवी माती. फक्त निळा लाजवर्द बाहेरून आणलेला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे काळी पिकवणाऱ्यांच्या हातचं तूस-काड त्या चित्रांच्या खाली आहे. १८७२ पासून मुंबईच्या जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करत होते. म्हणजे तेही कोर्सवर्कच होतं. पुढं मूळ भिंतींवरचं बरंच पुसट झालं आणि त्या नकला नोंदी म्हणून मोलाच्या ठरल्या.

रंगाच्या बाबतीत अजून एक गोष्ट कृषीवाल्यांसाठी. मातीचा रंग सांगायला तुम्ही जो मन्सेल तक्ता वापरता, तो बनवणारा अल्बर्ट मन्सेल हा मृदाशास्त्रज्ञ नव्हता. तो अमेरिकेतला चित्रकार आणि चित्रकलेचा शिक्षक होता. विद्यार्थ्यांना रंग नेमका सांगता यावा म्हणून त्यानं रंगाचे तीन भाग पाडले: रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता. १९०५ साली त्याचं पुस्तक आलं, आणि पुढं मृदाशास्त्रज्ञांनी ती पद्धत उचलली. आमच्या वर्गात ती रंगासाठी शिकवतात, तुमच्या वर्गात मातीसाठी. ओल्या आणि कोरड्या मातीचा रंग वेगळा लिहायचा हा नियम चित्रकाराला लगेच पटतो. आणि डोळ्याला काळी दिसली म्हणून सेंद्रिय कर्ब भरपूर, असंही नाही. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत तो कमीच निघतो.

भाताच्या पानाचा रंग बघून नत्र ठरवायच्या पट्टीचंही असंच. नियम सांगतात की पानावर थेट ऊन नको, आपल्या अंगाची सावली धरा, दरवेळी एकाच वेळी आणि एकाच माणसानं बघा. आमच्याकडे वस्तुचित्राला बसलो की खिडकी बदलू देत नाहीत, त्याचं कारण हेच. उजेड बदलला की रंग बदलतो.

सबमिशनला मला वीसपैकी बारा गुण पडले. "चित्र कमी, नोंद जास्त," असं तपासणाऱ्या सरांचं मत. मला ते मत नीट समजतं. चित्रकलेत फक्त अचूकपणा पुरत नाही, बघणाऱ्याला थांबवणारं काहीतरी लागतं, आणि ते अजून माझ्या हातात यायचं आहे. पण तेच कागद आप्पांनी माझ्याकडून मागून घेतले आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले. त्या पिशवीत आमच्या घरात विनाकारण काही जात नाही.

पुढच्या वर्षी शेवटचं वर्ष. फी कपाशीवर आहे आणि कपाशीचा भाव आपल्या हातात नाही. शेवटच्या प्रकल्पाला मी विषय दिला आहे: आमच्या सहा एकराची बारा महिन्यांची चित्रं, आमच्याच मातीच्या रंगात. मंजूर होईल का, फी जमेल का, हे संक्रांतीपर्यंत कळेल. शिकून झाल्यावर शहरात राहायचं की इथं, हा प्रश्नही घरात उघडा आहे. आप्पा त्यावर बोलत नाहीत, मीही घाई करत नाही.

तोवर एक काम तुम्हाला सांगते. चित्रकला येत नसली तरी चालेल. रब्बीच्या पिकात आतल्या बाजूचं एक झाड निवडा, हरभरा असो की गहू. खूण बांधा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं बसून वहीत पेन्सिलीनं ते झाड काढा: किती पानं, कोणतं पान बदललं, कडा कशा, शिरा कशा, पानाखाली काय. चित्र वाकडं आलं तरी तारीख नक्की घाला. आणि पान दाखवायला फोटो पाठवायचा झाला तर तीन पाठवा: एक पानाचा, एक पूर्ण झाडाचा, एक बांधावरून सगळ्या रानाचा.

वहीचं पान इथं टाकलंत तर मी आणि आप्पा दोघंही बघू. पुढची नोंद मक्याची, पोंग्यातली लष्करी अळी आणि तिच्या डोक्यावरचा उलटा वाय. त्याचंही चित्र काढून ठेवलं आहे.