परभणीची रांग

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यांतील वाचकांस ठाऊक आहेच. कोठें निभाव लागला नाहीं तर परभणीस तरी पोटापाण्याची सोय होईल, असा तिचा अर्थ वडील मंडळी सांगत. ही सोय मात्र सर्वांसाठीं नसे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा. कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील अध्यापनहि उर्दूंतूनच. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास आधीं भाषा शिकावी लागे, मग विद्या, मग चाकरी.

गेल्या १८ मे रोजीं मी तेथें गेलों होतों. १९७२ सालीं याच दिवशीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. वर्धापनदिनीं खरिपाचा मेळावा भरतो व बियाणें विकलें जातें. ऊन मी म्हणत होतें, तरी रांग तुटत नव्हती. (केवडा रोगापुढें टिकाव धरणारी ‘परभणी क्रांति’ भेंडी, एका रानटी जातीशीं संकर करून, येथेंच सिद्ध झाली, हें आमच्या गृहिणींस कदाचित् ठाऊक नसेल.)

पन्नाशीचा एक शेतकरी रांगेंतून बाहेर येऊन माझ्या पायां पडला. “गुरुजी, नववीत तुम्ही म्हणाला होता, तुझ्यानं शिकणं होणार नाही.” तो हंसत होता, मला मान वर करवेना.

आतां तो तुरीचें बीजोत्पादन करितो. शेजारच्या तुरीपासून ठराविक अंतर राखावयाचें, फुलोऱ्यांत भेसळ झाडें ओळखून उपटावयाचीं, प्रमाणीकरणाच्या अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावयाची. हें सर्व तो विद्यापीठाच्या शिबिरांत शिकला. तीच तूर बियाणें म्हणून गेली कीं बाजारभावाहून अधिक पैसे देते. भेसळ ओळखण्यांत मजूर बायांचा डोळा आपल्याहून तीक्ष्ण, असें तोच म्हणाला. त्यांस रोज काय देतोस, असें मीं विचारलें. “खुरपणीचाच, गुरुजी,” तो म्हणाला व क्षणभर गप्प झाला.

त्याचा मुलगा कृषि पदवीधर. चार वर्षें पुण्यास अभ्यासिकेंत बसून स्पर्धापरीक्षा देत आहे. “तुम्हीच दोन शब्द सांगा त्याला, माझं ऐकत नाही.” सरकारी नोकरी हेंच विद्येचें फळ, असें जन्मभर ज्यानें वर्गांत सांगितलें, त्यानें आतां काय सांगावें? मुलाचा दूरध्वनी क्रमांक मीं वहींत टिपून घेतला आहे. अद्याप लावलेला नाहीं.