निद्रानाशावरील वर्तनोपचार: एक अनुभव

आठवड्यातून किमान ३ रात्री झोप लागत नाही, लागली तरी टिकत नाही किंवा पहाटे फार लवकर मोडते, दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होतो आणि हा क्रम ३ महिने किंवा अधिक काळ चालतो, तेव्हा त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. अशा प्रौढ रुग्णांना गोळ्यांच्या आधी बोधनिक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीच्या समजुती आणि झोपेभोवतीच्या सवयी या दोहोंत बदल घडवणारा काही आठवड्यांचा उपचार, द्यावा अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली. प्रस्तुत लेखकाने हा उपचार घेतला आहे.

मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांच्या मांडणीनुसार निद्रानाशाला मूळची प्रवृत्ती, तात्कालिक निमित्त आणि तो टिकवून धरणारे घटक अशी तिहेरी कारणे असतात. लेखकाच्या बाबतीत निमित्त घरातील आजारपणाचे होते. ते सरले, तरी झोप परतली नाही, कारण दरम्यान रात्री लवकर आडवे होणे, सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळणे आणि वामकुक्षी लांबवणे हे झोपेची भरपाई म्हणून आरंभलेले उपायच तिला पोखरू लागले होते.

उपचाराची सुरुवात निद्रानोंदवहीने होते. अंथरुणात काढलेल्या वेळापैकी किती टक्के वेळ झोपेत गेला, या प्रमाणाला निद्राक्षमता म्हणतात. ८ तास पडून साडेपाच तास झोपणाऱ्याची ती सुमारे ६९ टक्के भरते. त्यावर सुचवला जाणारा उपाय प्रथमदर्शनी क्रूर वाटतो, कारण अशा माणसाला साडेपाच तासच, उदाहरणार्थ रात्री १ ते सकाळी साडेसहा, अंथरुणात राहू दिले जाते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाऊन झोपेची ओढ वाढते, आणि या निर्बंधाचा हेतू ती ओढ साचू देण्याचा असतो. सुरुवातीचे दिवस खरोखरच वाईट जातात. रात्री अकरानंतर जागे राहणे हेच काम होऊन बसते, दिवसा डोळे मिटू लागतात, आणि म्हणूनच अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी व वाहनचालकांनी हा प्रयोग तज्ज्ञाविना करू नये.

झोप येत नसेल तर अंथरुण सोडावे, हा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेल्या उद्दीपन-नियंत्रण या पद्धतीतून आला. त्यात दुसऱ्या खोलीत जाण्याची सूचना असते. ज्या घरात रात्री बैठकीच्या खोलीतच गाद्या घातल्या जातात, तेथे कोपऱ्यातील खुर्ची आणि मंद दिवा यांवर भागवावे लागते, आणि त्यानेही काम होते, कारण मोल खोलीला नसून अंथरुण व तळमळ यांची सांगड तोडण्याला आहे.

विचारांवरील काम त्या मानाने शांतपणे चालते. झोप झाली नाही तर उद्याचा दिवस वाया जाणार, ही खात्री लेखकाने नोंदवहीशी ताडून पाहिली, तेव्हा वाईट रात्रीनंतरचे कितीतरी दिवस बरे गेलेले आढळले. निद्राक्षमता ८५ टक्क्यांच्या वर टिकली की अंथरुणातील वेळ साधारण १५ मिनिटांनी वाढवला जातो. अधूनमधून रात्री अजूनही बिघडतात. मात्र त्यानंतर उठण्याची वेळ पुढे ढकलली जात नाही आणि दुसऱ्या रात्री लवकर आडवेही व्हावे लागत नाही.