गाजरगवताचा तांबेरा आणि नागपूरचे ऊन

तांबेरा म्हटले की गव्हाच्या पानांवरची तांबूस पूड आठवते आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण गाजरगवतावर जगणारेही तांबेरे, म्हणजे पानांवर रोग करणाऱ्या बुरशी, आहेत, आणि ते आपल्याला हवे आहेत. पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदले गेलेले हे तण आज नागपूरच्या ले-आउटमधले मोकळे प्लॉट, रस्त्यांच्या कडा आणि संत्र्याच्या बागांचे धुरे अडवून बसले आहे. एक झाड हजारोंनी बी टाकते. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती अमेरिका खंडातून आली, तिचे बहुतेक रोग मात्र मागेच राहिले. ते आणावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोणता आणावा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल नागपूरचा उन्हाळाच देईल.

ऑस्ट्रेलियाने मेक्सिकोतून असे दोन तांबेरे नेले. पहिला, पुक्सिनिया अब्रप्टाचा एक प्रकार, १९९१ मध्ये सोडला. तो थंड, दव पडणाऱ्या उंच प्रदेशातला; कोरड्या, उष्ण भागात त्याचा प्रभाव तोकडाच पडला. नागपुरात त्याला मानवणारी थंडी डिसेंबर-जानेवारीत मिळते, पण गाजरगवताचा मुख्य बहर पावसाळ्यात असतो. पुढे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी गव्हाच्या तांबेऱ्याबाबत दाखवून दिले होते की मैदानी उन्हाळ्यात तो तग धरत नाही. काळा तांबेरा निलगिरी-पलनीच्या डोंगरांत टिकून दरवर्षी वाऱ्याबरोबर मध्य भारतात पोहोचतो. थंडीच्या तांबेऱ्याचे इथे वेगळे काही होईल असे मानायला आधार नाही. दुसरा, पुक्सिनिया झँथीचा प्रकार, उष्ण हवेत वाढतो. तो उन्हाळी बीजाणूंची तांबूस पूड उडवतच नाही. त्याचे जाड भिंतीचे बीजाणू पानालाच चिकटून राहतात आणि ओल मिळाली की रुजून नाजूक, अल्पायुषी बीजाणू सोडतात. त्यामुळे तो दूरवर पसरत नाही, माणसांनी ठिकठिकाणी नेऊन लावावा लागतो. ते कष्टाचे आहे, पण आपल्या पावसाळ्याशी मेळ बसतो तो याचाच. दक्षिण आफ्रिकेनेही तो २०१० मध्ये सोडला.

पहिला आक्षेप रास्त आहे: सूर्यफूल आणि करडई याच कुळातली, मग ती धोक्यात येणार नाहीत का? कूळ एक म्हणून रोग एक, असे तांबेऱ्यात होत नाही. सूर्यफुलाचा आणि करडईचा तांबेरा वेगवेगळ्या जातींचा आहे. एकाने दुसऱ्याचे पीक बुडवल्याचे कोणी पाहिलेले नाही. जिवंत यजमानाशिवाय तांबेरा जगत नाही, म्हणूनच तो इतका चोखंदळ असतो. तरीही निव्वळ तर्कावर विसंबू नये. १९८४ मध्ये गाजरगवतासाठी बंगळूरजवळ सोडलेला मेक्सिकन भुंगा पुढे सूर्यफुलावर दिसला, तेव्हा त्याचा प्रसार थांबवून चौकशी करावी लागली. भुंगा अखेर निर्दोष ठरला, पण मधली वर्षे वाया गेली. चाचण्या आधी झाल्या पाहिजेत त्या यासाठी.

तांबेऱ्याने गाजरगवत समूळ जाईल का, असे कोणी विचारले तर उत्तर नाही असेच आहे. आजारी झाड खुजे राहते, कमी फुलते, कमी बी टाकते. जमिनीत साठलेले बी मात्र वर्षानुवर्षे उगवत राहते. मिकानिया या गाजरगवताच्याच कुळातल्या वेलीवरचा तांबेरा आसामात २००५ मध्ये आणि केरळात २००६ मध्ये सोडला, पण तो टिकला नाही. तैवान, पापुआ न्यू गिनी इथे मात्र तोच रुजला. प्रत्येक जागेची हवा आणि तिथल्या तणाचा वाण पाहूनच बुरशी निवडावी लागते, हा त्यातला मला पटलेला धडा आहे.

म्हणून थंडीच्या तांबेऱ्यावर नागपूरने पैसा आणि वेळ घालवू नये. उष्ण हवेतला तांबेरा विलगीकरणात आणून विदर्भात पेरल्या जाणाऱ्या करडई आणि सूर्यफुलाच्या वाणांवर आधी तपासावा, आणि ही पिके सुरक्षित ठरली तरच तो सोडण्याची परवानगी द्यावी. तोवर जूनच्या पहिल्या पावसानंतर, फुलोऱ्याच्या आधी, हातमोजे घालून आपल्या धुऱ्यावरचे गाजरगवत उपटावे, एवढी वाचकांना विनंती.