पेटीवर कोणाचं नाव आहे?

टपाल खात्याच्या सॉर्टिंगमधून मी निवृत्त झालो, तरी पंचवटीत परदेशी पार्सलांचे पत्ते माझ्याच गळ्यात पडतात. परवा शेजारच्या काकूंचा फराळ म्युनिकला, नातवाकडे निघाला. खोका त्यांनी जुन्या रीतीने मांजरपाटात शिवून घेतलेला. कापडावर मार्करची शाई फुटते, म्हणून पत्ता कागदावर लिहून चिकटवला आणि त्यावरून रुंद चिकटपट्टी ओढली.

नातवाने व्हॉट्सॲपवर रस्ता, घर क्रमांक, शहर असं सगळं पाठवलं होतं. "फ्लॅट नंबर राहिला की रे!" काकू म्हणाल्या. जर्मनीत तो बहुधा नसतोच; पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. मी पोराला फोन लावला. "पेटीवर तुझं नाव आहे का रे?"

"नाही काका, घरमालकिणीचं आहे."

मग त्याच्या नावाखाली 'द्वारा' म्हणून मालकिणीचं नाव घातलं. ही ओळ नसेल तर बाकीचा पत्ता चोख असूनही पार्सल दारातून माघारी फिरू शकतं.

त्याखाली आधी रस्ता, मग घर क्रमांक. पुढच्या ओळीत आधी पाच आकडी कोड, मग शहर. इंग्लंडला हाच कोड शहराच्या खाली जातो, अमेरिकेत राज्याच्या पुढे. ही मांडणी तिथल्या पोस्टमनच्या सोयीची असते, तिच्यात आपलं शहाणपण चालवू नये. शेवटची ओळ मात्र आपल्या माणसांसाठी: देशाचं नाव, एकटं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. इथला सॉर्टर आधी तेच वाचतो. रोमन अक्षरांचा दंडक जागतिक टपाल संघाचा. संघ 1874 साली बर्नला स्थापन झाला, भारत त्यात 1876 पासून आहे.

कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'फराळ' चालत नाही. चकली, चिवडा, शेव वेगवेगळं लिहिलं, वजन आणि किमतीसकट. पेढे काढायला लावले, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने जात नाहीत. काकू जाम चिडल्या.

राहिला पाठवणाऱ्याचा पत्ता. काळारामाच्या पूर्व दरवाजाजवळचा बोळ, पिठाच्या गिरणीवर, नाशिक 422003.

"गिरणी काढ, जर्मनांना काय कळणार?"

मी ठेवली. खोका परत आलाच, तर श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 1972 साली दिलेला पिनकोड त्याला पंचवटीपर्यंत आणेल. पुढे आमचा पोस्टमन गिरणीच विचारत येतो.