मोंपेलिएच्या फुटपाथवरची ‘म्हातारी’

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात आमची लेक शिकते. मार्च महिन्यात तिच्याकडे आठवडाभर राहिलो. शहर जुने, वैद्यकशास्त्राच्या शिक्षणासाठी शतकानुशतके नावाजलेले. १५९३ साली सुरू झालेली इथली वनस्पतिबाग फ्रान्समधली सर्वांत जुनी. तीही पाहिली, पण आम्ही खरे रमलो फुटपाथवर.

रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याशी इथे मातीचे चौकोन सोडलेले असतात. छोटासा दस्तरखान अंथरावा एवढेच. भोवती सगळी फरशी नि डांबर. त्या मातीत पिवळ्या फुलांचे एक तण उगवते. नाव क्रेपिस सँक्टा, आयुष्य एका हंगामाचे. त्याच्या एकाच फुलात दोन तऱ्हेचे बी धरते. मधले हलके, पांढऱ्या तंतूंचे. आपली मुले ‘म्हातारी’ म्हणून ज्याच्या मागे धावतात, तसले. कडेचे मात्र जड, बिनतंतूंचे. ते झाडाच्या पायाशीच पडते.

माळरानावर उडण्याचा फायदाच. शहरात मात्र उडालेले बी बहुधा फरशीवर पडते आणि वाया जाते. पियेर-ऑलिव्हिए शेप्तू व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडून २००८ साली तो प्रसिद्ध केला. आपल्या चौकोनातली माती मिळण्याची उडत्या बियाची शक्यता जड बियापेक्षा ५५ टक्क्यांनी कमी! मग त्यांनी शहरातली व रानातली रोपे एकाच हरितगृहात वाढवली. तिथेही शहरी रोपांनी जड बी अधिक प्रमाणात धरले. म्हणजे हा निव्वळ जागेचा परिणाम नव्हे, ही सवय रक्तात उतरली होती. झाडाला रक्त नसते, पण दुसरा शब्द सुचत नाही. एवढ्या बदलाला ५ ते १२ पिढ्या पुरतात, असा त्यांचा अंदाज. पिढी वर्षाची, म्हणजे जेमतेम एका तपाचा काळ.

झाडाने काही ठरवले नाही. ज्यांचे बी उडाले त्यांचा वंश घटला, ज्यांचे घरी राहिले त्यांचा वाढला. आम्हांला ही हुशारी वाटली. लेक म्हणाली, “अम्मी, पण उद्या हा चौकोन सिमेंटने बुजवला तर?” खरेच, मग सगळे घराणे एकदम संपणार. शेजारचा चौकोन रिकामा झाला, तर तो भरायला इथून कोण जाणार?

तिच्या गल्लीत एक चौकोन तसाच ओसाड होता. पलीकडच्या झाडाखाली, अवघ्या सात-आठ पावलांवर, पिवळी फुले दाटीवाटीने उभी होती.