बिलुंडच्या तीन आगी

लेगो म्हटले की प्लॅस्टिकची रंगीत वीट डोळ्यांसमोर येते. ही वीट ज्या सुताराच्या कारखान्यातून बाहेर पडली, तो कारखाना छत्तीस वर्षांत तीनदा आगीच्या तोंडी सापडला. दोनदा तो राखेतून पुन्हा उभा राहिला. तिसऱ्या वेळी मात्र, जे जळाले ते पुन्हा उभारायचेच नाही, असा निर्णय झाला. हा धागा त्या तीन आगींचा आणि प्रत्येक आगीनंतर काय बांधायचे हे ठरवणाऱ्या माणसांचा.

स्थळ डेन्मार्कमधले बिलुंड. यूटलंडच्या माळरानावरचे एक लहानसे खेडे. १८९१ साली जवळच्याच फिल्सकोव येथे एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९१६ मध्ये बिलुंडमधला एक सुतारकारखाना विकत घेतला. गिऱ्हाईक म्हणजे भोवतालचे शेतकरी. त्यांची दारे, खिडक्या, घरे, फर्निचर. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की सुताराला काम, नाहीतर हात बांधून बसायचे. खेळण्यांचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

एप्रिल १९२४ मधला एक रविवार. ओले कर्क यांची दोन मुले, कार्ल गेओर्ग आणि गॉटफ्रेड, कारखान्यात शिरली. दोघेही अगदी लहान. त्यांच्या हातून लाकडाच्या ढलप्यांनी पेट घेतला आणि बघता बघता कारखाना गेला, लगतचे राहते घरही गेले. सुताराचा कारखाना म्हणजे वाळलेले लाकूड, भुसा आणि सरस. तो पेटायला ठिणगी पुरते.

यातले गॉटफ्रेड हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

ओले कर्क यांनी पुनर्बांधणीसाठी वास्तुविशारद नेमला आणि जळाले त्याहून मोठे घर बांधले. ते इतके मोठे झाले की कुटुंबाने स्वतःपुरती थोडी जागा ठेवून उरलेला भाग भाड्याने दिला. त्याच्या दारात दोन सिंह आहेत आणि ते घर आजही बिलुंडमध्ये उभे आहे. खेड्यातल्या सुताराने दारात सिंह बसवावेत, याला काही जण हौस म्हणतील, काही जण कर्जाला आमंत्रण. दोन्ही खरे असावे. एवढे मात्र दिसते की जळालेली वास्तू होती तशी परत उभी करण्यात या माणसाला रस नव्हता.

पुढची आपत्ती आगीविना आली. जागतिक मंदीने शेतकऱ्यांची कंबर मोडली आणि बांधकामाची कामे थांबली. ओले कर्क यांना कामगार कमी करावे लागले. १९३२ मध्ये पत्नी किर्स्टिना वारली. मागे चार मुलगे राहिले. त्याच वर्षी त्यांनी शिड्या आणि इस्त्रीचे तक्ते यांच्या जोडीला लाकडी खेळणी करायला घेतली. याच काळात यो-योचे वेड आले आणि ओसरले. पडून राहिलेले यो-यो मधोमध चिरून त्यांची खेळण्यातल्या गाड्यांना चाके केली गेली. लेगो हे नाव पडले ते साधारण याच सुमारास. ‘लेग गॉट’ या डॅनिश शब्दांचा अर्थ ‘छान खेळ’. नाव सुचवणाऱ्याला घरच्या वाइनची बाटली बक्षीस ठेवली होती. ती शेवटी ओले कर्क यांनीच जिंकली म्हणतात.

या खेळण्यांमध्ये दोरीने ओढायचे एक बदक होते. त्याची एक गोष्ट कंपनी अभिमानाने सांगते. गॉटफ्रेडने एकदा बदकांना व्हार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवल्याची फुशारकी वडिलांसमोर मारली. वडिलांनी त्याला पाठवलेल्या पेट्या परत आणायला लावल्या आणि रात्री बसवून तिसरा हात द्यायला लावला. कंपन्यांनी स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टी चिमटीत धरूनच घ्याव्यात. तरी या गोष्टीत वडील आणि मुलगा यांच्यातला फरक नेमका पकडला गेला आहे. वडिलांचे लक्ष वस्तूवर होते, मुलाचे हिशेबावर. पुढे कारखाना वाढला तो दोघांच्याही बळावर.

दुसरी आग मार्च १९४२ मध्ये लागली. डेन्मार्कवर जर्मनीने ताबा मिळवून दोन वर्षे होत आली होती. रात्री विजेच्या तारांमध्ये बिघाड झाला आणि कारखाना जळून गेला. इमारत, यंत्रे आणि माल यांची किंमत निदान मोजता तरी येते. त्यांच्याबरोबर सगळे नमुने आणि आराखडेही गेले. लाकडी खेळण्याच्या धंद्यात नमुना हीच पुंजी असते. त्यावरून फळीवर आकार आखायचा, मग कापायचा, घासायचा, रंगवायचा. दहा वर्षांत जमवलेले आकार एका रात्रीत नाहीसे झाले. सगळे नुकसान भरून निघेल एवढे विम्याचे पैसे नव्हते. ओले कर्क यांनी पन्नाशी ओलांडली होती. धंदा बंद करावा, असा विचार त्यांच्या मनात आला.

तो त्यांनी सोडून दिला. हातावर पोट असलेल्या कामगारांची जबाबदारी आपल्यावर आहे, असे त्यांना वाटले, हे कारण सांगितले जाते. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण ते एकटेच पुरेसेही नाही. युद्धामुळे बाहेरून येणारी खेळणी आटली होती, धातू आणि रबर दुर्मीळ झाले होते, आणि लाकूड मात्र देशातच होते. मागणी समोर दिसत असताना उभारी धरणे सोपे जाते. नवा कारखाना बांधला तो सुतारकारखान्यासारखा बांधलाच नाही. एकामागून एक टप्प्यांतून माल पुढे सरकेल, अशी त्याची मांडणी केली. १९३९ मध्ये सुमारे दहा कामगार होते. आगीनंतरच्या वर्षी, १९४३ मध्ये, ते सुमारे चाळीस झाले. पहिल्या आगीने एका सुताराला मोठे घर दिले, तर दुसरीने त्याला कारखानदार केले.

अशा कारखानदाराला यंत्राची भीती उरत नाही. युद्ध संपल्यावर ओले कर्क यांनी सुमारे तीस हजार क्रोनर मोजून प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र घेतले. ते १९४७ च्या अखेरीस बिलुंडला पोहोचले. घरच्यांना हा जुगार वाटला. १९४९ मध्ये प्लॅस्टिकच्या विटा बाजारात आल्या. त्यांची मूळ कल्पना इंग्लंडमधल्या हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट विटांची. विटा एकमेकींना घट्ट धरून ठेवणारी आतली नळ्यांची रचना बिलुंडची. तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. दीड महिन्याच्या आत ओले कर्क वारले आणि कारभार गॉटफ्रेड यांच्या हाती गेला. लाकडी खेळण्यांचा विभाग धाकटा भाऊ गेरहार्ट पाहत होता.

तिसरी आग ४ फेब्रुवारी १९६० ची. वीज पडून लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले.

आता प्रश्न तोच होता, पण उत्तर देणारा माणूस वेगळा होता. पैसा होता, कामगार होते, गिऱ्हाइके होती. १९४२ च्या मानाने पुनर्बांधणी कितीतरी सोपी होती. गॉटफ्रेड यांनी ती केली नाही. लाकडाचे काम बंद करायचे आणि सगळे बळ विटेमागे लावायचे, असा निर्णय त्यांनी घेतला. पुढच्याच वर्षी गेरहार्ट आणि कार्ल गेओर्ग हे दोघे भाऊ कंपनीतून बाहेर पडले. गेरहार्टने स्वतंत्रपणे बिलोफिक्स नावाची लाकडी जोडखेळणी केली.

व्यापाराच्या चष्म्यातून पाहिले तर गॉटफ्रेड यांचे बरोबर ठरले, याबद्दल वाद नाही. त्यामुळेच ही गोष्ट बहुधा ‘आगीने कंपनीला योग्य दिशा दाखवली’ अशी सांगितली जाते. आग दिशा दाखवत नसते. लाकडाविषयीचा प्रश्न त्या घरात आधीपासून असणार. आगीने एवढेच केले की ‘चालू आहे तर चालू दे’ हे उत्तर काढून घेतले. कोठार शाबूत असते तर लाकडी बदक आणखी काही वर्षे कारखान्यातून बाहेर पडत राहिले असते आणि भावांनाही एका टेबलाशी बसणे जमले असते. कदाचित. रंधा धरून, व्हार्निशचे हात देत ज्यांची उमेद गेली, त्या कारागिरांच्या वाट्याला या निर्णयातून काय आले, याविषयी लोकप्रिय इतिहास फारसा बोलत नाही.

चार वर्षांचाही झालेला नसताना पहिल्या आगीच्या वेळी ढलप्यांपाशी असलेला मुलगाच एकोणचाळिसाव्या वर्षी तिसऱ्या आगीनंतर लाकडाचा निकाल लावतो, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला झोडपले असते.

२०१७ मध्ये बिलुंडमध्ये लेगो हाउस उघडले. तिथे विकण्यासाठी २०२० मध्ये एक खास संच काढण्यात आला: दोरीने ओढायचे जुने लाकडी बदक. ते प्लॅस्टिकच्या विटा जोडून करायचे असते.