टाकीवरचा मूळ लाल

स्टिकरवरचं चित्र ऊन खातं, डिंक मात्र जागच्या जागी राहतो. ठाकुर्ली स्टेशनाबाहेर मोटरसायकलींची रांग लागते, तिच्याकडे जरा निरखून पाहिलं की हे दिसतं. सकाळची लोकल गाठायची म्हणून माणूस गाडी स्टँडवर लावतो, हँडल लॉक करतो आणि पळतो. गाडी दिवसभर तिथेच तापत उभी. अशी वर्षं जातात. 'आईचा आशीर्वाद'मधला लाल आधी विटतो, पिवळा फिका पडतो, काळा तेवढा तग धरतो. गोविंदा पथकाचे थर पुसट होत जातात. कडेने धूळ बसून काळी किनार धरते. शेवटी वाचता काहीच येत नाही, पण बोट लावलं तर चिकटतं.

हे स्टिकर म्हणजे नुसती हौस, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या रांगेत काळ्या स्प्लेंडर किती असतात! रात्री दमूनभागून लोकलमधून उतरलेला माणूस नंबर वाचत बसत नाही. वायझरवरचे स्वामी समर्थ, मागच्या मडगार्डवरचा भगवा, हँडलजवळचा तुटका सूर्य बघून पाय आपोआप आपल्या गाडीकडे वळतात. सारख्याला सारखी हजार माणसं आणि हजार गाड्या असलेल्या उपनगरात आपलं ते ओळखू येण्यासाठी माणूस काहीतरी चिकटवतोच.

आमची हिरो होंडा लाल. अण्णांची. ते आधी रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये होते. कोळसा जाळून रेल्वेसाठी वीज करणारं ते केंद्र बंद पडलं आणि अण्णांची रवानगी कल्याणला झाली. मग पत्रीपुलावरून रोजचं जाणं-येणं, त्यासाठी ही गाडी. तो ब्रिटिशांच्या काळातला पूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१च्या जानेवारीत खुला झाला; गाडी दोन्हींवरून गेली आहे. आता ती माझ्या पुतणीला कॉलेजला न्यायला हवी आहे. तिची अट एकच. "काका, गाडी एकदम क्लीन पाहिजे. एकपण स्टिकर नको."

एका रविवारी बिल्डिंगखाली आम्ही बसलो. अण्णांसाठी वरून प्लास्टिकची खुर्ची आणली. पुतणी हेअर ड्रायर आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन उतरली. मडगार्डपुरता ड्रायर ठीक, टाकीजवळ तो आणू दिला नाही. टाकीत पेट्रोल, झाकणाच्या आसपास त्याची वाफ, आणि ड्रायरमध्ये लालभडक तापलेली तार. टाकीसाठी गरम पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. ते स्टिकरवर दाबून धरायचं, निवलं की पुन्हा गरम करायचं.

हा डिंक कधी वाळत नाही, त्याचं सगळं बळ त्याच्या मऊपणात आहे. दाब दिला की तो पसरतो आणि रंगाच्या बारीक खाचाखोचांत शिरून बसतो. ऊब मिळाली की सैल होतो. तेवढ्यात नखाने कोपरा उचलायचा आणि स्टिकर पृष्ठभागालगत उलटा दुमडून सावकाश ओढायचा. सरळ वर खेचला तर कागद हातात येतो, डिंक तिथेच. जुनं रेडियम तर असं ओढूच देत नाही. प्लास्टिकला लवचिक ठेवणारं द्रव्य उन्हात उडून गेलेलं असतं. पापड मोडावा तसे त्याचे तुकडे पडतात, आणि एकेक तुकडा वेगळा उचलावा लागतो.

पुतणीने ब्लेड काढलं. "ब्लेड ठेव," अण्णा म्हणाले. "तेल लाव आणि गप्प बस जरा." पॉवर हाऊसमध्ये हाताचं काळं वंगण काढायला रॉकेल आणि कॉटन वेस्ट असे, ती सवय त्यांच्या बोलण्यात अजून आहे. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, म्हणून खोबरेल घेतलं. तेल डिंकात मुरायला वेळ घेतं. मग अंगठ्याने चोळलं की त्याच्या राखाडी वळकट्या होतात, त्या फडक्याने टिपायच्या आणि शेवटी भांड्याच्या साबणाने तेलकटपणा धुवायचा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर काम झटपट होतं, पण डिंकाबरोबर रंगही मऊ पडतो आणि साइड पॅनेलचं प्लास्टिक पांढुरकं होऊन बसतं. कंपनीच्या नावाच्या कडेवरून नख फिरवून पाहावं. कड लागत नसेल तर ते नाव लॅकरच्या थराखाली आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये.

नीट चिकटावं आणि इजा न करता सुटावं, या दोन मागण्या एकत्र पुऱ्या करणं किती अवघड, हे गाड्या रंगवणाऱ्यांनी फार पूर्वी सोसलं आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात दुरंगी मोटारींची टूम आली. दोन रंगांची हद्द राखायला लावलेली पट्टी काढली की तिच्याबरोबर ताजा रंगही सोलून यायचा. ३एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणाने कारागिरांची ही तळमळ पाहिली आणि खटपट करून १९२५मध्ये मास्किंग टेप आणली. बेताचं चिकटणारी वस्तू घडवणं हे मला घट्ट चिकटणारी घडवण्यापेक्षा मोठं काम वाटतं.

टाकीच्या उजव्या अंगाला रेडियमचे आकडे होते, वरचा थर केव्हाच पांढरा पडलेला. ते निघाले, डिंक गेला, टाकी पुसली, तरी आकडे दिसतच राहिले. आधीपेक्षा स्पष्ट. पुतणीने पुन्हा तेल लावलं, पुन्हा घासलं. "काका, हा डाग जातच नाहीये."

तो डाग नव्हता. भोवतालची सगळी टाकी इतक्या वर्षांच्या उन्हाने विटून विटकरी झाली होती. आकड्यांखाली मात्र ऊन पोचलंच नव्हतं. तिथे शोरूममधून निघाली त्या दिवसाचा लाल रंग होता, ओला वाटावा इतका गडद. बदललेली होती ती बाकीची गाडी.

"कुठला नंबर आहे हा?" तिने विचारलं.

"आपल्या घराचा," अण्णा म्हणाले.

ती जन्मली ती या बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये. त्याआधी आमचं घर होतं ते बावन्न चाळीत; तिला ती ठाऊक आहे रेल्वेची पडकी वस्ती म्हणून. मग अण्णांनी सांगितलं, चाळीचा नि खोलीचा नंबर टाकीवर का लावून घेतला ते. गाडी कुठे बंद पडली, कुणी हलवली, तर रेल्वेच्या कुठल्याही माणसाने तो आकडा वाचून ती दारात आणून सोडावी म्हणून. आणि दोनदा तसं झालंही होतं. एकदा पावसात, तुंबलेल्या पाण्यातून कुणीतरी गाडी ढकलत आणली आणि चहा घेऊन निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

नव्वद फुटी रस्त्यावरच्या पेंटरने टाकी पाहून सांगितलं, "पूर्ण मारून देतो, नवीकोरी दिसेल." त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. मी पुतणीकडे पाहिलं. ती आकड्यांवरून बोट फिरवत होती.

"रंग नको," तिने त्याला सांगितलं. "फक्त पॉलिश करा. आणि इथे जोरात घासू नका."

डाव्या साइड पॅनेलचं काम अजून बाकी आहे. तिथलं रेडियम सगळ्यांत जुनं, नखालाही दाद देत नाही. त्यावर तेलात भिजवलेला कापूस लावून ठेवला आहे, रात्रभर मुरू दे म्हणून.